चंद्रपर्वतावरील हिमाच्या खुणा

युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवर, विषुववृत्ताच्या अगदी निकट, रुवेंझोरी नावाची पर्वतरांग आहे. टॉलेमीच्या भूगोलात नाईलच्या उगमाशी जे 'चंद्राचे पर्वत' सांगितले आहेत ते हेच, असे पुष्कळ विद्वान मानतात. तिचे सर्वोच्च शिखर मार्गरिटा ५,१०९ मीटर उंच आहे. १९०६ साली अब्रुत्सीच्या ड्यूकने ही शिखरे सर केली, तेव्हा तेथील सहा पर्वतांवर हिमनद्या नांदत होत्या. आज त्यांचे थोडे तुकडे तेवढे उरले आहेत. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, या बर्फाच्या कितीतरी खाली, दाट अरण्यात, फार जुन्या हिमनद्यांच्या खुणा सापडतात.

हिमनदी डोंगर उतरताना दगडमाती खरवडून आणते आणि जेथे वितळते तेथे ते ओझे टाकून देते. त्याचे जे लांबट, वळणदार बांध बनतात त्यांना हिमोढ म्हणतात. मुबुकू नदीच्या खोऱ्यात ते सुमारे २,१०० मीटर उंचीपर्यंत खाली आलेले आहेत. त्यांचा नकाशा करणे मात्र सोपे नव्हे. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत झाडांचे शेंडेच दिसतात; आणि कोसळलेल्या दरडीचा ढीगही दुरून हिमोढासारखाच भासतो. म्हणून प्रत्यक्ष चालत जाऊन पाहावे लागते: लहानमोठे दगड एकत्र कालवलेले आहेत काय, त्यांवर घर्षणाचे ओरखडे आहेत काय, शेजारच्या उतारावर नसलेला खडक येथे कोठून आला. पाऊस, चिखल आणि शेवाळ यांतून ही तपासणी करायची असते.

हे काम नेटाने केले ते हेन्री ऑस्मास्टन यांनी. ते युगांडाच्या वनखात्यात अधिकारी होते. (पुढे याच गृहस्थांनी लडाखमधील झंस्कारच्या शेतीचाही अभ्यास केला, सरकारी नोकरीने माणसाची जिज्ञासा मारलीच पाहिजे असे नाही.) १९६५ साली ऑक्सफर्डला सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी रुवेंझोरीच्या हिमावस्थांची संगती लावली. प्राचीन हिमाचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर भरते, असे त्यांच्या मापनातून निघाले. माहोमा तळ्याच्या तळाशी सापडलेल्या गाळाचे वय रेडिओकार्बनच्या गणनेने सुमारे १४,७५० वर्षे असल्याचे १९६२ सालीच प्रसिद्ध झाले होते. अर्थात त्यापूर्वीच बर्फाने ती जागा सोडली होती.

नकाशा हाती आला म्हणजे हिशेब मांडता येतो. हिमनदीच्या वरच्या भागात बर्फाची जमा, खालच्या भागात खर्च. दोहोंचा मेळ बसतो ती तेव्हाची समतोल-रेषा. उष्ण कटिबंधातील अनेक पर्वतांवर ही रेषा सरासरीने सुमारे ९०० मीटर खाली होती. दर हजार मीटरला सुमारे ६ अंश सेल्सियस उष्णता घटते असे धरले, तर हवा ५ अंशांहून अधिक थंड असली पाहिजे.

येथेच वाद उभा राहिला. सागरतळाच्या गाळातील सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून 'क्लायमॅप' या प्रकल्पाने १९७६ व १९८१ साली काढलेल्या निष्कर्षांप्रमाणे उष्ण कटिबंधातील समुद्र पुष्कळ ठिकाणी जेमतेम अंश-दोन अंश थंड झाले होते. मग डोंगर खरे की समुद्र? प्रश्न केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नव्हता. हवेतील कार्बन डायऑक्साइड बदलल्यास उष्ण प्रदेशाचे तपमान किती हलते, याचा अंदाज याच उत्तरावर अवलंबून होता.

१९९५ साली ब्राझीलमधील प्राचीन भूजलात विरघळलेल्या वायूंवरून तेथेही सुमारे ५ अंशांची घट निघाली आणि डोंगरांची साक्ष बळावली. पुढे रुवेंझोरीच्या हिमोढांवरील शिळांचीच वये काढण्यात आली. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे उघड्या शिळेत बेरिलियम-१० हे द्रव्य हळूहळू साठते. ते मोजले की शिळा किती काळ उघडी आहे ते कळते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या वयांप्रमाणे हिमनद्या वीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वी विस्तारलेल्या होत्या. त्या काळी पूर्व आफ्रिकेत पाऊस आजच्याहून कमी होता. तेव्हा बर्फ वाढला तो थंडीमुळेच, असे मानावे लागते. उंचीवरील हवा समुद्रसपाटीच्या मानाने अधिक थंड झाली होती काय, एवढा मुद्दा अजून तपासला जात आहे, आणि त्यासाठी इथिओपियातील बाले पर्वतांसारख्या आज बर्फ नसलेल्या डोंगरांवरही असेच नकाशे तयार होत आहेत.