ब्लॉक वेळेत सोडायचा

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



व्यासपीठावर बोलायची मला सवय नाही. नागपूरहून सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि पुढची बहुतेक नोकरी इथे बिलासपूरच्या आसपास रुळांवर गेली. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचंच. पण कार्यवाह म्हणाले, "तुम्ही मांडवाच्या कामाला का येत नाही हे लोक आम्हाला विचारतात. एकदा तुम्हीच सांगून टाका." म्हणून उभा आहे. उभा म्हणजे, माफ करा, बसूनच बोलणार आहे. पाच मिनिटं एका जागी उभं राहिलं की मला गरगरतं. तोही याच दुखण्याचा भाग.

जुन्या सभासदांना आठवत असेल, २०१७ पर्यंत मखराचं काम माझ्याकडे असायचं. रात्री दोनपर्यंत मांडवात आणि सकाळी सहाला पुशट्रॉलीवर. थकायचो, पण चार तास झोपलो की परत ताजा. २०१८ च्या ऑक्टोबरात मला ताप आला. आठवड्यात उतरला. अशक्तपणा मात्र गेला नाही. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो असं आपण म्हणतो. माझा मुंगीच्या पावलाने आला आणि घरातच राहिला.

त्याला थकवा म्हणायचं तर म्हणा, पण तो शब्द पुरत नाही. झोपून उठल्यावर मी आदल्या रात्रीपेक्षा जास्त दमलेला असायचो. दात घासून परत पलंगावर बसायचो. खांदे, मान, कंबर, मांड्या, सगळीकडे ठणका. शर्टाची शिवण टोचायची. आणि शब्द सापडेनात. गँगच्या माणसाला पाना आण म्हणायचं असायचं, तोंडातून निघायचं "ते... ते आण रे."

रक्त तपासलं, थायरॉईड, साखर, संधिवाताची चाचणी, छातीचा फोटो, सगळं झालं. ड जीवनसत्त्व थोडं कमी, बाकी नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे खूश आणि मी आणखी खचलेला, असा प्रकार. एका दवाखान्यात मला हसून विचारलं, "कामाचा कंटाळा आलाय का?" मी रागावलो, पण मनात म्हटलं, असेलही. कारण हाच प्रश्न मी स्वतः एकाला विचारला होता. माझ्या गँगमध्ये एक ट्रॅकमन होता. "साहब, बदन में जान नहीं है," म्हणायचा. मी त्याला चार माणसांसमोर कामचोर म्हटलं आहे. त्याला काय झालं होतं हे मला आजही ठाऊक नाही, कारण मी विचारलंच नव्हतं.

आता जे सांगतो ते घराबाहेर आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

२०२० चा जानेवारी. थंडीत पहाटे रूळ आकसतात आणि वेल्ड तुटतात, हा आमचा सीझनच. अशाच एका पहाटे वेल्ड तुटला. आम्ही फिशप्लेट आणि क्लँप लावले आणि गाड्या तिथून ताशी २० किलोमीटरने सोडायच्या ठरल्या. स्टेशनला फोनवर किलोमीटर लिहून द्यायचा होता. ती माझी सलग तिसरी रात्र होती. मी किलोमीटर सांगितला. मागे उभा असलेला आमचा मेट हळूच म्हणाला, "साहब, चौदह नहीं, इकतालीस." मी आकडे उलटे सांगितले होते, आणि ठासून सांगितले होते.

जागेवर बोर्ड होते, लाल झेंडी घेऊन माणूस उभा होता, म्हणून अपघात झालाच असता असं मी म्हणणार नाही. पण त्या मेटने तोंड उघडलं नसतं तर माझ्या भरवशावर ड्रायव्हरने भलत्या ठिकाणी गाडी हळू केली असती आणि तुटलेल्या जागेकडे पूर्ण वेगाने निघाला असता. फोन ठेवल्यावर माझे हात कापत होते. थंडीने नव्हे. सव्वा वर्ष मी दुखणं लपवत होतो, कारण सेक्शन सोडावा लागेल ही भीती. त्या दिवशी दुसरी भीती मोठी झाली.

रात्रीची गाडी पकडून नागपूरला संधिवाताच्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तासभर ऐकलं. मग अंगठ्याने मान, खांदे, कोपर, गुडघे असे दाबत गेले. १९९० च्या नियमांप्रमाणे शरीरावर अशा १८ जागा धरतात आणि ११ दुखल्या तर फायब्रोमायल्जिया म्हणत असत. २०१० पासून त्या मोजायची सक्ती नाही. दुखणं किती भागांत पसरलंय, झोप, थकवा, स्मरण यांचं काय, आणि तीन महिन्यांहून जास्त आहे का, हे बघतात. त्यांनी दुसरं नावही सांगितलं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम. त्याची खूण म्हणजे सहा महिन्यांपेक्षा जास्त थकवा, झोपूनही ताजं न वाटणं, आणि जरा जास्त श्रम झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीर कोसळणं. तापानंतर सुरू होणं हेही त्यात नवं नाही. कोविडनंतर अशी माणसं जगभर दिसू लागली. दोन्ही दुखणी एकाच माणसाला असू शकतात. मला दोन्ही निघाली. म्हणजे सिंगल लाईनवर दोन गाड्या!

रिपोर्ट नॉर्मल मग दुखतं का, हे मी आमच्या भाषेत समजून घेतलं. ट्रॅक सर्किटमध्ये बिघाड झाला की रूळ रिकामा असतो, तरी सिग्नल लालच राहतो. रूळ तपासाल तर काही सापडणार नाही. पण गाडी खरोखर थांबते ना? फायब्रोमायल्जियात मज्जासंस्थेचं असंच काहीसं होतं. साधा स्पर्शही मेंदूला वेदना म्हणून कळतो. वेदना खोटी नसते.

या दुखण्यांवर रामबाण औषध नाही. झोपेसाठी आणि वेदनेसाठी गोळ्या मिळाल्या, थोडा उपयोग आहे. एका गोळीने इतकी गुंगी यायची की ती बदलून घ्यावी लागली. नावं मुद्दाम सांगत नाही, उद्या कोणीतरी दुकानातून आणून घेईल. तुमच्यापैकी प्रत्येकाने सुचवलेला काढाही मी प्यायलो आहे, तेव्हा कृपया आणखी नको.

खरा घोटाळा व्यायामाचा झाला. फायब्रोमायल्जियाला हळूहळू वाढवलेला व्यायाम चांगला, याला भक्कम आधार आहे. मी रोज अर्धा तास चालू लागलो. तिसऱ्या दिवशी पडलो तो आठवडाभर उठलो नाही. पुढे २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाईस या संस्थेने क्रॉनिक फटीगसाठी ठराविक प्रमाणात वाढवत नेण्याच्या व्यायामाचा सल्ला मागे घेतला आणि शक्ती बघून खर्च करायला सांगितलं. मग आमच्या डॉक्टरांनी मधला रस्ता काढला. सहा मिनिटं चालायचं, आणि पुढचे दोन दिवस काय होतं ते वहीत लिहायचं. दोन दिवस ठीक गेले तरच सातवं मिनिट. हे मला पटकन कळलं. रुळाखालची खडी चाळल्यावर आम्ही गाडी एकदम पूर्ण वेगाने सोडतो का? आधी २०, मग ४५, असं करतच वर नेतो.

आणि ब्लॉक. गाड्या थांबवून रुळाचं काम करायला जो वेळ मिळतो त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. दीड तासाचा मिळाला तर दीड तासात रूळ मोकळा करून द्यायचा. "अजून दहाच स्लीपर राहिलेत" असा मोह झाला की ब्लॉक बर्स्ट होतो. दहा स्लीपरचं काम होतं, पण मागच्या गाड्या रात्रभर उशिरा धावतात. माझं तेच व्हायचं. बरं वाटलं की उरलेली सगळी कामं त्याच दिवशी. एका दिवाळीला माळा साफ केला आणि नऊ दिवस अंथरुणात काढले. आता माझा ब्लॉक २५ मिनिटांचा. घड्याळ वाजलं की हातातलं काम तसंच सोडायचं, थकलो नसलो तरी. थकल्यावर थांबणं म्हणजे उशीर झाला. आंघोळ स्टुलावर बसून. ज्या दिवशी बँकेत जायचं त्या दिवशी दाढी नाही. सांगायला सोपं आहे. अर्धी चिरलेली भाजी ताटात ठेवून उठायला मला दोन वर्षं लागली.

साहेबांना सगळं सांगितलं, उलटे आकडेही. त्यांनी मला डिव्हिजन ऑफिसात टेबलावर घेतलं. सेक्शन सुटला. त्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू? पहाटे मालगाडीचा आवाज आला की अजून उठून बसतो.

घरचंही सांगायला हवं. आमची सौ. सुरुवातीला चिडायची. बरोबरच होतं तिचं. दिसायला मी धडधाकट, आणि गॅस सिलिंडर ती ओढणार. नंतर तिला कळलं, आणि मग ती तुमच्याशी तीन वर्षं खोटं बोलली. "त्यांना ड्यूटी आहे." ड्यूटी कसली, मी घरी अंधार करून पडलेलो असायचो. ते खोटं तिच्याकडून काढून घ्यायचं होतं, म्हणून आज आलो.

भगिनींना एक विचारायचं आहे. फायब्रोमायल्जियाचं निदान बायकांमध्ये जास्त होतं. आपल्या मंडळात अंग ठणकत असताना १०१ मोदक वळणाऱ्या किती जणी असतील? माझ्या आईचंही अंग दुखायचं. आम्ही बामची बाटली हातात द्यायचो आणि म्हणायचो, वयाचं आहे. तेव्हा ती पंचेचाळीसचीही नव्हती. तिला हेच होतं असं मी म्हणत नाही. तपासायला हवं होतं, एवढंच.

यंदा मांडव नाही, पण वर्गणीच्या पावत्यांचा हिशोब माझ्याकडे द्या. रोज २५ मिनिटं, अनंत चतुर्दशीपर्यंत पुरा करतो. आणि कोणाला स्वतःबद्दल काही बोलायचं असेल तर आरतीनंतर मी उजवीकडच्या शेवटच्या खुर्चीवर बसतो. वीस मिनिटं. घड्याळ सौ.कडे आहे, आणि ती मघापासून मला खुणा करते आहे.

नमस्कार. गणपती बाप्पा मोरया!