शेजारच्या घरचं विरजण

दुपारची कामं उरकून रेडिओ लावला असेल तर बसा जरा. हातातलं निवडणं चालू राहू द्या. आज आम्ही हिशेबाबद्दल बोलणार आहोत. हिशेब लिहायचा कसा हे नाही, पंचसूत्रीतलं ते पाचवं सूत्र तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. लिहिलेला हिशेब हरवला तर काय करायचं, हा आजचा विषय.

आमच्या अकरा गटांची मिळून एक छोटी कंपनी आहे. नागलीचे पापड, कुरडया, कांदा-लसूण मसाला असा माल. आधी सगळं वहीत होतं. काम वाढलं तसा लॅपटॉप घेतला. गटांचं अंतर्गत कर्ज, मालाची विक्री, कुणाची किती मजुरी, सगळं त्यात गेलं. दुकानातल्या मुलाने लॅपटॉप हातात देताना सांगितलं, "ताई, काळजी सोडा. तुमची फाइल आपोआप ऑनलाइन जाते. लॅपटॉप पाण्यात पडला तरी हिशेब बुडणार नाही." आम्ही काळजी सोडली.

लॅपटॉप पाण्यात पडला नाही. झालं असं, की एप्रिलमध्ये आमच्यातल्याच एकीने नवं वर्ष जुन्याच फाइलमध्ये सुरू केलं. जुन्या ओळी पुसल्या, वर नवी तारीख टाकली. दोष तिला एकटीला देता येणार नाही, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. इकडे पुसलं, तसं तिकडे ऑनलाइनही पुसलं गेलं. ती सोय इमानदार होती, आपण जे करू तेच ती करत होती! पुसलेलं परत मिळायची मुदत तीस दिवसांची. आम्हाला कळलं तीन महिन्यांनी.

आणि कळलं कसं? मासिक बैठकीत एका काकूंच्या नावावर पाच हप्ते थकीत निघाले. बाराशेचा एक हप्ता, म्हणजे सहा हजार रुपये. काकूंनी ते भरले होते, तेही रोख. त्यांचं गटाचं पासबुक पावसात भिजून लगदा झालं होतं. काकू उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं तोंड खरं की तुमचा कॉम्प्युटर?" बैठकीत कुणी बोलेना. दोघी-तिघींनी मान खाली घातली, आणि खरं सांगायचं तर एक-दोघींनी एकमेकींकडे बघितलंही. ते बघणं काकूंना दिसलं. त्या पुढच्या बैठकीला आल्या नाहीत.

शेवटी हिशेब सापडला तो जुन्या सचिव ताईंच्या पत्र्याच्या पेटीत. लॅपटॉपवर त्यांचा विश्वासच नव्हता, म्हणून त्या गुपचूप वहीतही लिहीत राहिल्या होत्या. आम्ही त्यांना हसायचो. पाचही हप्ते तारखेसकट त्या वहीत होते. आम्ही सगळ्या काकूंच्या घरी जाऊन माफी मागून आलो.

तेव्हापासून आम्हाला एक गोष्ट कळली. आपल्या घरचं विरजण संपलं किंवा नासलं, तर आपण शेजारणीकडे जातो. तिचं विरजण मूळचं आपल्याच घरचं असतं, पण आता ते तिच्या भांड्यात, तिच्या फडताळात असतं. आपल्याकडे मांजर तोंड घालून गेलं तरी तिचं जागेवर राहतं. बॅकअप म्हणतात तो हा. आमच्याकडे होता तो नुसता आरसा. आपण हललो की तोही हलतो.

ही चूक फक्त आपल्यासारख्या बायकाच करतात असं समजू नका. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस तिच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला. शिरला कुठून, तर युक्रेनमधल्या कराचा हिशेब ठेवायच्या एका साध्या सॉफ्टवेअरमधून. काही तासांत जगभरातलं काम बंद. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातला, त्या कंपनीच्या गटाकडे असलेला धक्काही ठप्प झाला. आपल्या नाशिकचा कांदा आणि द्राक्षं परदेशी जातात ते हेच बंदर.

आता गंमत ऐका. कंपनीत कोण कोण आहे, कुणाला कुठलं दार उघडायचा हक्क आहे, ही यादी ठेवणारी मुख्य यंत्रं त्यांच्याकडे जगभर दीडशेच्या आसपास होती. एक बंद पडलं तर दुसऱ्यावरून यादी मिळेल, असा हिशेब. ती सगळी एकमेकांशी सतत जोडलेली. म्हणून सगळी एकदमच पुसली गेली. वाचलं फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातलं. का? तर हल्ला झाला तेव्हा तिथली वीज गेलेली होती! भारनियमनाला आपण किती शिव्या देतो, पण त्या दिवशी गेलेल्या विजेने ती यादी वाचवली. तिथलं इंटरनेट इतकं मंद होतं की यादी पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानाच्या माणसांकडे इंग्लंडचा व्हिसा नव्हता. मग एक जण डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथे विमानतळावर दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो ती लंडनला घेऊन गेला. एवढं होऊनही दहा दिवसांत त्यांना 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरचं. आमच्या सचिव ताईंची पत्र्याची पेटी आणि घानाचं ते यंत्र, आम्हाला दोन्ही सारखीच वाटतात.

तर मग पैसे देऊन बॅकअपची सेवा घ्यावी का? हा आता मोठा धंदा आहे आणि तो नाशिकमध्येही आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ईएसडीएस नावाची कंपनी आहे, पियूष सोमाणी यांनी 2005 मध्ये सुरू केलेली. तिचं स्वतःचं डेटा सेंटर नाशिकमध्ये आहे. डेटा सेंटर म्हणजे यंत्रांचं कोल्ड स्टोरेज समजा. आपण शीतगृहात द्राक्षाच्या पेट्या ठेवून भाडं देतो, तशा बँका आणि कंपन्या तिथे आपली माहिती ठेवतात. अशी जागा देणाऱ्या कंपन्या देशात आणि परदेशात पुष्कळ आहेत. छोट्या गिऱ्हाइकाला भाडं जागेप्रमाणे, कॉम्प्युटरच्या संख्येप्रमाणे आणि जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या त्याप्रमाणे पडतं. नुसती जागा स्वस्त आहे. शंभर जीबी महिन्याला साधारण सव्वाशे-दीडशे रुपयांत मिळते आणि आपल्या गटाचा दहा वर्षांचा हिशेब त्याच्या एका कोपऱ्यातही मावतो. महाग असतं ते जुन्या प्रती सांभाळणं आणि अडल्या वेळी माणूस धावून येणं.

आमच्याकडेही एक विक्रेता आला होता. तो तासभर जीबीवर बोलला. आम्ही विचारलं, पुसलेली फाइल चार महिन्यांनी मागितली तर द्याल का? एका वर्षी भाडं भरता आलं नाही तर आमच्या हिशेबाचं काय? परत देताना वेगळे पैसे घेणार का? आणि आत्ता, आमच्यासमोर, एक फाइल परत काढून दाखवा. शेवटच्या मागणीवर तो म्हणाला, ऑफिसला विचारून सांगतो. अजून सांगतोय.

पैशांपेक्षा जास्त घोटाळा नावाचा असतो. किती गटांचं ऑनलाइन खातं सचिवाच्या मुलाच्या नावावर आहे, बघा एकदा. मुलगा पुण्याला नोकरीला गेला की पासवर्डही पुण्याला. ओटीपी येतो तो नंबर रिचार्ज न केल्याने बंद पडला, तर काही महिन्यांनी तो परक्या माणसाला मिळू शकतो. आमचं खातं आता कंपनीच्या नावावर आहे. पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांच्या घरी आहे आणि दोन वेगवेगळ्या घरातले फोन त्याला जोडलेत. सभासदांच्या आधार कार्डाचे फोटो गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणंही बंद केलंय.

सध्या आम्ही असं करतो. वही चालूच आहे. ऑनलाइन प्रत दर शनिवारी, प्रत्येक वेळी नव्या तारखेच्या नावाने, जुनीवर नवी चढवायची नाही. आणि दर महिन्याला एका हार्ड डिस्कवर प्रत काढून, वायर काढून, ती दुसऱ्या गावातल्या ताईंच्या कपाटात. त्या डिस्कला आम्ही घानाच म्हणतो.

दर तीन महिन्यांनी चिठ्ठी टाकून एका सभासदाचं नाव काढतो आणि दुसऱ्याच कॉम्प्युटरवर तिचं खातं उघडून मोठ्याने वाचतो. पहिल्याच वेळी फजिती झाली. फाइल उघडली, आकडे बरोबर, पण नावांच्या जागी नुसती गिचमिड. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं आणि तो फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नव्हताच. मग महिनाभर बसून सगळी नावं युनिकोडमध्ये नव्याने टाइप केली. त्या कामाला काकू रोज येत होत्या. त्यांना टाइप येत नाही, पण वहीतून नावं वाचून द्यायला त्याच बसायच्या.

पुढची चिठ्ठी येत्या महिन्याच्या पाच तारखेला निघणार आहे. बघायला यायचं असेल त्या गटांनी दुपारी जेवणं उरकून यावं. येताना आपला एक रिकामा पेनड्राइव्ह आणि गटाची कर्जाची वही घेऊन या.