रात्रपाळीनंतरची झोप कोणाच्या वाट्याला?

खान्देशाला रात्रपाळी नवी नाही. भुसावळचं जंक्शन रात्रभर जागं असतं, दीपनगरच्या वीज केंद्रात रात्रीही माणसं राबतात, जळगावच्या एमआयडीसीत चटईचे आणि पाइपचे कारखाने पाळ्यांवर चालतात, धुळ्यात यंत्रमागांचा खडखडाट असतो. तरी रात्री जागणारा कामगार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो. त्यात कायद्याचाही वाटा आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत कारखान्यात कामाला मनाई केली होती. महाराष्ट्राने 2015 मध्ये दुरुस्ती करून अटींसह ती वाट मोकळी केली. रुग्णालयांना मात्र ही मनाई कधीच नव्हती. म्हणून स्त्रियांची रात्रपाळी पाहायची तर सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात पाहावी.

पहाटे चार-साडेचारच्या सुमाराला शरीराचं तापमान सर्वांत खाली गेलेलं असतं, आणि नेमकं तेव्हा सिस्टरला सलाइनचे थेंब मोजायचे असतात, इंजेक्शनचा डोस काढायचा असतो. पुढे सकाळच्या पाळीला ओव्हर देताना, म्हणजे पेशंटची माहिती सोपवताना, एकही पेशंट विसरून चालत नाही. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात 2016 साली 16 पुरुष आणि 18 स्त्रियांना 28 तासांच्या कृत्रिम दिवसात ठेवून तपासलं गेलं. पहाटेच्या वेळी स्त्रियांच्या कामातली अचूकता पुरुषांपेक्षा जास्त घसरली. बायका रात्रपाळीला कच्च्या, असा अर्थ कोणी यातून काढू नये. शरीराच्या घड्याळाचा कामावरचा परिणाम स्त्रियांमध्ये जास्त दिसला, एवढाच त्याचा गाभा. शिवाय हे घड्याळ स्त्रियांमध्ये थोडं जलद चालतं. 2011 साली बोस्टनच्या संशोधकांनी 157 जणांमध्ये हे मोजलं, तेव्हा घड्याळाच्या एका फेऱ्यातला सरासरी फरक निघाला सहा मिनिटांचा. फरक छोटा असला, तरी त्यामुळे संध्याकाळी लवकर पेंग येते आणि सकाळी लवकर जाग येते. रात्र जागून सकाळी नऊला आडवं होणाऱ्या बाईला हे भोवतं.

पण माझं म्हणणं या सहा मिनिटांपाशी थांबत नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ त्यात जात होता, पुरुषांचा 97. हा फरक दोनशे मिनिटांचा आहे, आणि तो निसर्गाने घालून दिलेला नाही.

आता मे महिना डोळ्यांपुढे आणा. जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या घरात गेलेला असतो. झोप लागायला शरीर आतून थंड व्हावं लागतं. पत्र्याच्या घरात सकाळी दहानंतर ते होत नाही, लाइट गेली की कूलरही बंद. रात्रपाळीच्या पुरुषालाही हा उकाडा सोसावा लागतो. मात्र तो आला की घरातली पोरं गप्प केली जातात, टीव्हीचा आवाज कमी होतो, खिडकीला चादर लागते. तीच ड्युटी करून बाई आली की विचारणा होते ती डब्याची. त्यातून नळाला पाणी यायचा दिवस असेल तर विचारूच नका. आमच्या भागात नळ रोज येत नाही. पाणी सुटलं की टाकी, पिंप, कळशा भरेपर्यंत डोळ्याला डोळा लागू शकत नाही. दुपारी तासभर पडावं, तर सुटी लागलेली मुलं घरातच असतात.

थकवा सगळाच झोपेचा नसतो, हेही ध्यानात घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्ताल्पता आढळली, पुरुषांत 25 टक्के. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला ‘झोप काढ, बरं वाटेल’ एवढं सांगून भागत नाही. पुरुषांमध्ये वेगळा धोका असतो. घोरताना श्वास अडकण्याचा विकार त्यांच्यात जास्त, आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी लागली तरी तपासायला कोणी जात नाही. स्त्रियांमध्ये तोच विकार अनेकदा नुसत्या थकव्याच्या रूपात येतो, म्हणून डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतो.

मग बायकांची रात्रपाळीच बंद करायची का? मी म्हणेन, नाही. पगार, बढती आणि कौशल्य त्या पाळीतही आहे. बंदीऐवजी रोस्टर महिनाभर आधी हातात द्या. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकू द्या, उलट्या नकोत. नाईट संपते त्याच दिवसाला सुटी म्हणून मोजू नका. ती सुटी नव्हे, उतरलेली रात्र आहे. वॉर्डाशेजारी आतून कडी लागणारी एक खोली असू द्या. आणि ज्या घरात बायको रात्रपाळी करून येते, तिथल्या पुरुषांनी पाण्याच्या दिवशी स्वतः नळापाशी उभं राहावं.