तीन लाइफ आणि एक नाणं



मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस नोट आला. वय वर्षं १९. त्याने रील्सवर ‘नाइट रायडर’चे तुकडे पाहिलेत, तीच ती काळी बोलणारी गाडी. आणि फोनवर पॅक-मॅन खेळलाय, दहा मिनिटं. त्याचा प्रश्न सरळ होता: “दादा, ग्राफिक्स म्हणजे चौकोनी ठिपके, गोष्टी बाळबोध. मग सगळे ऐंशीच्या दशकासाठी एवढे हळवे का होतात? की वय झालं की प्रत्येकाला आपलं बालपणच भारी वाटतं?”

आता, बालपण सगळ्यांनाच भारी वाटतं, हे मान्य. पण तेवढ्यावर प्रश्न सोडून द्यायला मी तयार नाही. त्या मालिका आणि ते खेळ यांच्यात एक गोष्ट होती जी आज तुमच्या हातातल्या फोनमध्ये सापडणं अवघड झालंय. निऑन रंग आणि सिंथचं संगीत सोडून द्या, ते कुठल्याही फिल्टरमध्ये मिळतं.

आधी टीव्ही. ‘नाइट रायडर’ अमेरिकेत एनबीसीवर १९८२ मध्ये सुरू झाली आणि १९८६ पर्यंत चालली. नायक मायकल नाइट, म्हणजे डेव्हिड हॅसेलहॉफ. पण खरा नायक किट, ती काळी पॉन्टिअॅक ट्रान्स अॅम गाडी. किटला आवाज दिला विल्यम डॅनियल्स यांनी. थोडा शिष्ट, थोडा काळजीवाहू, घरातल्या शिकलेल्या काकांसारखा आवाज. आणि पुढच्या बाजूला तो इकडून तिकडे फिरणारा लाल दिवा. मालिकेचे निर्माते ग्लेन लार्सन यांनी आपल्याच ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’मधल्या सायलॉन यंत्रमानवांच्या डोळ्यांतला दिवा इथे पुन्हा वापरला होता. तिकडे तो दिवा दिसला की भीती वाटायची, इकडे दिसला की धीर यायचा!

गाडी स्वतः चालते हे दाखवायचं कसं? तेव्हा संगणकावर चित्र बनवून चिकटवायची सोय टीव्हीवाल्यांकडे नव्हती. मग स्टंट करणारा माणूस ड्रायव्हरच्या सीटच्या आवरणातच लपून बसायचा आणि गाडी हाकायचा. लांबून सीट रिकामी दिसायची. आज यूट्यूबवर ते प्रसंग थांबवून थांबवून बघितले तर फसवणूक कळते. पण तेव्हा आठवड्यातून एकदा, एकच वेळा बघायला मिळायचं. मागे नेऊन बघायची सोय फक्त ज्यांच्याकडे व्हीसीआर होता त्यांनाच.

आपल्याकडचा मामला थोडा वेगळा आहे. आपल्याकडे त्या पिढीला विचाराल तर ‘नाइट रायडर’च्या आधी नाव येईल ‘स्ट्रीट हॉक’चं. जेसी माक हा मोटरसायकलवरचा पोलीस, जखमी झाल्यावर त्याला कचेरीतल्या जनसंपर्काच्या कामाला लावतात, आणि गुपचूप तो एक काळी, ताशी ३०० मैल पळू शकणारी बाइक चालवतो. तिकडे नियंत्रण कक्षात नॉर्मन नावाचा इंजिनिअर पडद्यावर नकाशा बघत बसलेला. गंमत ऐका. अमेरिकेत ही मालिका १९८५ मध्ये आली आणि १३ भागांत गुंडाळली. तिकडे ती फसलेली मालिका! आपल्याकडे मात्र दूरदर्शनवर ती लागली, बघायला दुसरं चॅनल नव्हतं, त्यामुळे सगळ्या वर्गाने तेच पाहिलेलं असायचं. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या कुणाही काकांसमोर फक्त नाव घ्या आणि चेहरा बघा. १३ भागांवर एका पिढीच्या आठवणी उभ्या आहेत.

आता टीव्हीतून आर्केडमध्ये शिरायचा रस्ता. १९८३ मध्ये बॅली मिडवे कंपनीचा ‘स्पाय हंटर’ आला. वरून दिसणारा रस्ता, खाली तुमची शस्त्रं लावलेली गाडी, आणि मध्येच एक मोठा ट्रक येतो. त्या चालत्या ट्रकमध्ये गाडी घालायची, की नवं हत्यार मिळतं. किट कुठे जायची? अशाच चालत्या ट्रकच्या पोटात! खेळाचं संगीतसुद्धा जुन्या टीव्ही मालिकेचं, ‘पीटर गन’चं. म्हणजे गुरुवारी किंवा शुक्रवारी जे नुसतं बघायचं, ते शनिवारी एक नाणं टाकून स्वतः करून बघायचं. १९८२ मध्ये सामान्य घरातल्या मुलाच्या हाताला लागणारा पहिला संगणक बऱ्याचदा हाच असायचा, लाकडी पेटीतला, कळ आणि दोन बटणांचा.

एक नाणं म्हणजे अमेरिकेत २५ सेंट. पुढचा नंबर आपला आहे हे सांगायला मुलं आपलं नाणं मशीनच्या काचेखालच्या कडेवर ठेवायची. रांग माणसांची नाही, नाण्यांची. आणि जो खेळतोय त्याच्या खांद्यावरून बाकीचे बघतायत, कारण बघून शिकायचं असायचं.

शिकण्यासारखं काय होतं? इथे मी जरा रमणार आहे, सांभाळून घ्या.

‘स्पेस इन्व्हेडर्स’, १९७८, जपानची ताइतो कंपनी, बनवणारे तोमोहिरो निशिकादो. वरून ५५ परग्रहवासी खाली सरकतात. जसजसे तुम्ही मारत जाता तसतसे उरलेले वेगाने पळू लागतात. हे कुणी ठरवून केलं असं वाटेल. मुळात झालं असं की यंत्रातल्या प्रोसेसरला ५५ आकृत्या काढताना धाप लागायची, आकृत्या कमी झाल्या की काम हलकं व्हायचं आणि वेग आपोआप वाढायचा. निशिकादोंनी ते पाहिलं आणि तसंच ठेवलं. यंत्राची दमछाक हाच खेळातला थरार झाला!

मग १९८०, नामको कंपनीचा ‘पॅक-मॅन’, तोरू इवातानी यांचा. चार भुतं असतात ना, ती उगाच फिरत नाहीत. लाल भूत सरळ तुमच्या मागे लागतं. गुलाबी भूत तुमच्या तोंडासमोर चार घरं पुढे बघून तिथे पोचायला जातं. निळसर भूत तुम्ही कुठे आहात आणि लाल भूत कुठे आहे, दोन्हींचा हिशेब करतं. नारिंगी जवळ आलं की घाबरून आपल्या कोपऱ्याकडे वळतं. चौघांचे चार स्वभाव, आणि ते कायम तेच. तुम्ही दर वेळी अगदी त्याच वाटेने, त्याच क्षणी वळलात तर भुतंही दर वेळी तशीच वागतात. म्हणून लोकांनी वाटा पाठ केल्या. त्यांची पुस्तकं छापली गेली आणि खपलीसुद्धा. आणि पातळी मोजणारा आकडा यंत्रात एकाच बाइटमध्ये बसवलेला असल्यामुळे २५६ व्या पातळीला गणित कोलमडतं, पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरं-चिन्हांच्या कचऱ्याने भरून जातो. बनवणाऱ्यांना वाटलंच नव्हतं की कुणी तिथवर जाईल. लोक गेले!

हीच ती गोष्ट, श्रोते दादा. नाणं टाकलं त्या क्षणी सगळा खेळ त्या पेटीत पूर्ण होता. तुम्ही कोण, काल किती खेळलात, कुठे अडलात, याचं पेटीला काही देणंघेणं नव्हतं. नियम सगळ्यांना तेच. हरलात तर तुम्ही कच्चे, जिंकलात तर तुम्ही शिकलात.

आता लगेच “वा, काय सोन्याचे दिवस” म्हणू नका. धंदा तेव्हाही धंदाच होता. मशीनच्या आत बारीक बारीक स्विच असायचे. दुकानमालक ते वर-खाली करून तीन लाइफ द्यायच्या की दोन, बोनस किती गुणांवर, हे ठरवू शकायचा. नवख्याला दोन-तीन मिनिटांत बाहेर काढलं नाही तर गल्ल्यात नाणी पडणार कशी? आणि १९८५ मध्ये अटारीचा ‘गॉन्टलेट’ आला. चार जण एकत्र खेळतात, पण तुमची ताकद नुसतं उभं राहिलं तरी कमी होत जाते. वाढवायची? अजून एक नाणं टाका. जिंकत असाल तरी टाका. आज फोनवर “एनर्जी संपली, रिचार्ज करा” दिसतं ना, त्याचे आजोबा म्हणजे हा ‘गॉन्टलेट’. मला तो खेळ आवडतो, पण त्याने जे दार उघडलं ते आवडत नाही.

“मोबाईल ठेव आता” हे वाक्यही नवं नाही. टेक्सासमधल्या मेस्किट शहराने १७ वर्षांखालच्या मुलांना पालकांशिवाय अशा मशीनवर खेळायला बंदी केली होती. तो वाद १९८२ मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

मग फरक काय उरला? वेळेचा. ‘गॉन्टलेट’ला तुमच्या खिशातलं नाणं हवं होतं, पण तो पेटीसकट तुमच्या खिशात येऊन बसत नव्हता. आजचा फुकट गेम तुमचं खेळणं बघत असतो. कुठे कंटाळलात, कुठे चिडलात, कुठे पैसे द्याल, हे मोजून तो बदलतो. तुमच्या शेजारच्या मित्राला दिसणारी ऑफर आणि तुम्हाला दिसणारी ऑफर वेगळी असू शकते. पॅटर्न पाठ करायचा तर कशाचा? इथे तुमचाच पॅटर्न पाठ केला जातोय.

आणि अजून एक. पेटी मोडली तरी खेळ वाचवता आला. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने ‘मेम’ नावाचा प्रकल्प सुरू केला. जुन्या आर्केड यंत्रांचं काम आजच्या संगणकावर हुबेहूब करून दाखवायचं, म्हणजे चिप मेल्या तरी खेळ मरणार नाही. त्यामुळे १९८०चा पॅक-मॅन आजही तसाच चालतो, २५६ व्या पातळीच्या कचऱ्यासकट. उलट तुमचं बघा. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाईलवर बंदी आली, ऑक्टोबर संपताना भारतातल्या खेळाडूंसाठी सर्व्हर बंद झाले. पुढे बीजीएमआय आला, खातंही तिकडे नेता आलं, ठीक आहे. पण लॉकडाऊनमध्ये तुम्ही चौघं मित्र रात्री दोनपर्यंत जो गेम खेळत होतात, तो तसाच्या तसा, त्या नकाशासकट, आज उघडून दाखवा बरं तुमच्या धाकट्या बहिणीला. फाइल फोनमध्ये असली तरी पलीकडे उत्तर द्यायला कुणी नाही. तुम्ही ४५ वर्षांचे व्हाल तेव्हा आठवण काढाल, पण परत खेळायला जाल कुठे?

तर त्या व्हॉइस नोटवाल्या मित्राला माझं एक काम. पॅक-मॅन पुन्हा लाव. या वेळी ठिपके खाऊ नकोस, फक्त गुलाबी भुतावर नजर ठेव. ते तुझ्यामागे कधी येतच नाही, पुढेच यायला बघतं. त्याच्या तोंडावर सरळ चालून जा आणि काय होतं ते बघ. मला कळव.

आणि पुढच्या भागात आपण आपल्या गल्लीत येणार आहोत. कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, ज्याला आपल्याकडे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये कुणी त्या नावाने ओळखलंच नाही, सगळ्यांसाठी तो पिवळ्या टोपीवाला ‘मुस्तफा’. तुमच्या घरात कुणी मुस्तफा खेळलेलं असेल, दादा, मामा, आई, कुणीही, तर त्यांच्याकडून दोन मिनिटांचा व्हॉइस नोट घेऊन पाठवा. टोकन कितीला मिळायचं, तेही विचारा. चला, भेटू!