गवाक्ष, देह आणि पान

कालिदासाचा यक्ष मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनीवरून जाण्याचा आग्रह करतो. तेथील स्त्रिया केस धुपवितात, तो धूप गवाक्षांच्या जाळीतून बाहेर येतो आणि त्याने मेघाचे शरीर पुष्ट होते, अशी ही कल्पना. कल्पनाच खरी, परंतु 'मेघदूता'तील ही जाळी शोभेची नाही, तिच्यातून घर श्वास सोडते. खिडकीला संस्कृतात 'वातायन' म्हणतात ते उगीच नव्हे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही जुन्या नॉर्स भाषेतील 'वाऱ्याचा डोळा' हाच अर्थ आहे.

याच नगरीत सांदीपनींच्या आश्रमी श्रीकृष्ण शिकला, अशी परंपरा आहे. त्याच्या गीतेत देहाला नऊ दारांचे नगर म्हटले आहे. पण नगराला नुसती दारे असून भागत नाही, द्वारपालही लागतो. डोळ्याची बाहुली उन्हात सुमारे २ मिलिमीटरपर्यंत आकसते आणि अंधारात ७-८ पर्यंत फाकते. कानाला मात्र निसर्गाने झडप दिली नाही, हे उत्सवाच्या दिवसांत सर्वांच्याच ध्यानी येते!

सर्वांत चोख द्वारपाल वनस्पतींचे. पानाच्या अंगावर, बहुधा खालच्या बाजूस, सूक्ष्म रंध्रे असतात आणि प्रत्येक रंध्राच्या दोहों बाजूंस घेवड्याच्या दाण्यासारखी एकेक रक्षकपेशी. या पेशी पाण्याने फुगल्या की धनुष्याप्रमाणे वाकतात व मध्ये फट पडते. पाणी ओसरले की ती मिटते. पेच असा, की ज्या वाटेने कर्बवायू आत येतो त्याच वाटेने पाण्याची वाफ निघून जाते. दार लावावे तर उपासमार, उघडावे तर तहान. कोरफड व निवडुंग यांनी हा पेच मोठ्या शहाणपणाने सोडविला आहे. ती रात्री रंध्रे उघडतात, कर्बवायू आम्लरूपाने साठवितात आणि दिवसा दारे मिटून त्याचे अन्न करतात.

माळव्यातील जुन्या घरांचा उन्हाळ्यातला रिवाज याहून निराळा नाही. पारा चाळीस अंशांपलीकडे गेला, की दिवसभर झडपा बंद. सूर्य मावळला की सताड उघड्या, कारण पठारावरील रात्र लवकर निवते. राणोजी शिंद्यांच्या काळापासून उज्जैनीत मराठी माणसे राहत आली. त्यांच्या वाड्याचा चौक म्हणजे आकाशाकडे उघडणारे एक मोठे गवाक्षच. आता उघडताच न येणाऱ्या काचांच्या इमारती गावोगाव उभ्या राहत आहेत. ऊन आत घ्यायचे, वारा बाहेर ठेवायचा आणि मग यंत्राने गारवा आणायचा, हा उलटा व्यवहार पानाला एक दिवसही परवडला नसता. वीज गेली, की तेथील माणसे जिन्यात येऊन उभी राहतात.