बालदमा आणि आम्ही घरची माणसे
(संस्थेच्या आरोग्य शिबिरात पालकांसमोर केलेले भाषण)



आम्ही उभयता डॉक्टर नाही. आमच्या मुलाला तिसऱ्या वर्षापासून दमा आहे. त्याला सांभाळताना जे शिकलो आणि जे चुकलो, तेवढेच सांगण्याचा आमचा अधिकार.

मुळात 'दमा' हा शब्द आमच्या कानावर पडायलाच दीड वर्ष गेले. कोणी छातीत कफ म्हणाले, कोणी अ‍ॅलर्जी म्हणाले. दर पावसाळ्यात खोकल्याची बाटली आणायची आणि रात्र रात्र पोराला उशीला टेकवून बसवायचे, हा क्रम ठरलेला. केळी बंद, दही बंद. नातेवाइकांच्या आग्रहाने मृग नक्षत्राला हैदराबादेस जाऊन माशाचे औषधही झाले. ज्या दिवशी एका बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट शब्दांत दमा म्हटले, त्या दिवशी घरात रडारड झाली. परंतु खऱ्या उपचारांची सुरुवात त्याच दिवशी झाली.

डॉक्टरांनी दोन पंप दिले, एक निळा व एक तपकिरी. समजावून सांगायला चार-पाच मिनिटे मिळाली, बाहेर रांग होती. आम्ही माना डोलावल्या. पोराची छाती भरलेली असताना आईबापांच्या डोक्यात काय शिरणार? निळा पंप ताबडतोब काम करतो एवढेच लक्षात राहिले. तपकिरी पंपाने तर काही फरकच दिसेना! शेजारी म्हणाले, पंपाची सवय लागते. आजी म्हणाल्या, एवढ्याशा जिवाला स्टेरॉइड नको. दोन महिने मूल छान खेळले, तेव्हा तपकिरी पंप आम्ही आपल्या मनानेच कपाटात ठेवला.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी, आम्ही दोघे कामावर असताना, मुलाला धाप लागली. घरी आजी एकट्या. त्यांनी छातीला तेल चोळले, वाफारा दिला. आम्ही पोहोचलो तेव्हा बरगड्या आत ओढल्या जात होत्या, शब्द फुटत नव्हता, ओठ निळसर पडले होते. निळा पंप हाताच्या अंतरावर फळीवर होता. तो कसा द्यायचा हे आजींना कोणीच दाखवले नव्हते. आम्हीसुद्धा नाही.

दोन दिवस ऑक्सिजनवर काढले. तेथील एका सिस्टरने आम्हाला काही सांगण्याआधी पंप हातात दिला आणि म्हणाल्या, "करून दाखवा." आमच्या तीन चुका निघाल्या. पंप हलवला नाही, दोन फवारे एकदम मारले, आणि स्पेसरचा मास्क गालांना घट्ट बसवला नाही. फवारा एका वेळी एकच, त्यानंतर पाच-सहा शांत श्वास, मग दुसरा. दुसऱ्या दिवशी त्यांनी आजींनाही बोलावून घेतले.

त्यांनी आजींना सांगितले की दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात आणि अटॅकच्या वेळी आवळतात. निळ्या पंपाने आवळलेली नळी काही मिनिटांत मोकळी होते, पण सूज तशीच राहते. ती तपकिरी पंपाने उतरते; त्याला दिवस, आठवडे लागतात. म्हणून मूल बरे दिसत असतानाही तो चालू ठेवायचा. पंपातील स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात. घेतल्यावर चूळ भरायची. दीर्घकाळ घेतल्यास उंची सुमारे एक सेंटिमीटर कमी भरू शकते, हेही त्यांनी झाकून ठेवले नाही. आजींना पटले ते त्यामुळेच, असे आम्हाला वाटते.

स्पेसर परवडत नाही असे काही पालक सांगतात. दक्षिण आफ्रिकेत केप टाउन येथे केलेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ५०० मिलिलिटरच्या साध्या प्लॅस्टिक बाटलीला पंपाच्या मापाचे भोक पाडून केलेला स्पेसर अटॅकच्या वेळी विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला. मात्र तो डॉक्टरांना विचारून आणि शिकूनच करावा.

आमच्या स्वयंपाकघरात कपाटाच्या दारावर डॉक्टरांनी मराठीत लिहून दिलेला कागद आहे. रोज काय, खोकला वाढल्यास काय, आणि केव्हा क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठायचे. मुलाला वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ निळे पडत असतील किंवा निळ्या पंपाचा गुण चार तासही टिकत नसेल, तर घरी थांबायचे नाही.

शाळेत पंप कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात ठेवला जाई. तो वर्गात ठेवून घ्यायला तीन खेपा घालाव्या लागल्या. विद्यार्थी मित्रांनो, वर्गातल्या पंपवाल्या मुलाला चिडवू नका. लाजेने पंप न घेणारी मुले आम्ही पाहिली आहेत. आणि एक विनंती कार्यकर्त्यांना. सभागृहात उदबत्त्यांचा जुडगा लावतात, त्याच्या धुराने आमचे चिरंजीव आता बाहेर व्हरांड्यात बसले आहेत.

पंप आणि स्पेसर कसा वापरायचा, ते आजी आता टेबलापाशी दाखवतील. ज्यांचे मूल दिवसभर आजी-आजोबांजवळ असते, त्यांनी स्वतः न येता त्यांनाच पुढे पाठवावे.