मिळकतीची निरवानिरव आणि विश्वस्तांचे दायित्व



पिढ्यानुपिढ्यांच्या कष्टाने उभी राहिलेली मिळकत कर्त्या माणसाच्या पश्चात कोणाच्या हाती आणि कोणत्या शर्तींवर सोपवावी, हा प्रश्न बेला परिसराच्या या कपाशीच्या मुलखात, जेथे आजोबांच्या नावचा पट्टा नातवंडांच्या भांडणापर्यंत तसाच राहतो, घरोघरी उभा आहे. म्हणूनच वकील, दस्तलेखक आणि शेतकरी यांच्या या मेळाव्याच्या अध्यक्षपदावरून मी त्याचाच विचार मांडणार आहे.

या विषयातील सर्वांत बोधप्रद दाखला मला ताईमहाराज प्रकरणात दिसतो. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित 7 ऑगस्ट 1897 रोजी पटकीने निवर्तले. त्याच दिवशी केलेल्या मृत्युपत्राने त्यांनी लोकमान्य टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आदींच्या स्वाधीन आपली दौलत केली, आणि गरोदर पत्नी ताईमहाराज यांस पुत्र न झाल्यास अथवा तो न जगल्यास विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी तजवीज केली. पुत्र झाला, पण अल्पावधीतच गेला. 1901 च्या जूनमध्ये औरंगाबादेस, म्हणजे आपल्याच तत्कालीन निजामी राज्यात, जगन्नाथ नावाच्या मुलास दत्तक घेतले गेले. आणि त्यानंतर दोन महिने होतात न होतात तोच ताईमहाराजांनी कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतले. या वादातून पुढे टिळकांवर फौजदारी खटला झाला, शिक्षा झाली, 1904 साली हायकोर्टाने ती रद्द केली. दत्तकाविषयीच्या दिवाणी दाव्याचा निकाल मात्र प्रिव्ही कौन्सिलकडून 1915 च्या मार्चमध्ये लागला, आणि जगन्नाथाचे दत्तविधान कायम झाले.

मालकाचा हेतू शुद्ध होता, विश्वस्त निःस्पृह होते. तरीही अठरा वर्षे गेली. माझ्या मते याचे मूळ एवढेच की, जिच्या आयुष्याची व्यवस्था लावली जात होती त्या तरुण स्त्रीशी शांतपणे बोलण्यास मृत्युशय्येवर अवकाशच उरला नव्हता. धडधाकट असताना, पत्नी व मुलामुलींना समोर बसवून केलेले मृत्युपत्र आणि अखेरच्या घटकेस केलेले मृत्युपत्र कायद्याच्या दृष्टीने सारखेच वैध. कुटुंबाच्या दृष्टीने त्यांत महदंतर आहे.

दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते, आणि चार-पाच एकरांच्या बहुतेक कुटुंबांस तेवढे पुरे. परंतु मूल अज्ञान असेल, अथवा स्वतःचा व्यवहार आयुष्यभर पाहू न शकणारे असेल, तर 1882 च्या विश्वस्त कायद्यान्वये विश्वस्तनिधी करणेच मला श्रेयस्कर वाटते. स्थावर मिळकतीचा असा निधी हयातीत करावयाचा तर दस्त लेखी व नोंदलेला हवा. बँकेच्या खात्यावर नामनिर्देशित केलेला इसम (नॉमिनी) केवळ रक्कम स्वीकारणारा असतो, मालक नव्हे, हा भेद आपण प्रत्येक पक्षकारास समजावून सांगितलाच पाहिजे.

कन्यांचा हक्क डावलून केलेली वाटणी तर मुळीच लिहून देऊ नये. हिंदू वारसा कायद्यातील केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीची वाट न पाहता आंध्र प्रदेशाने 1986 सालीच त्या वेळच्या अविवाहित कन्यांना सहदायाद, म्हणजे जन्मतः हिस्सेदार, केले, आणि तेव्हा बेल्याचा हा आपला जिल्हा त्याच राज्यात होता. दस्तलेखकांस माझी आग्रहाची विनंती आहे की, मसुद्यात मुलींची नावे नसतील तर लेखणी थांबवून कारण विचारावे, आणि विश्वस्तपत्र असेल तर पहिल्या विश्वस्ताच्या पश्चात कोण, हिशेब कोणास व केव्हा दाखवावयाचा, ही दोन कलमे घातल्याखेरीज कागद सहीस पुढे करू नये.